पॅरेंट क्लास सगळ्यात शेवटी लिहा: इनहेरिटन्सच्या सरावाबद्दल

तुम्ही नाशिकला बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहात. प्राणी, कुत्रा आणि मांजर हे उदाहरण तोंडपाठ आहे, व्हायवात (तोंडी परीक्षेत) इनहेरिटन्सची, म्हणजे पॅरेंट क्लासमधला कोड चाइल्ड क्लासला आपोआप मिळण्याची, व्याख्याही सांगता येते. पण रिकामी फाइल उघडली की पॅरेंट कोणाला करायचे आणि चाइल्ड कोणाला, हेच सुचत नाही. कॉलेजात सी प्लस प्लस आहे, घरी तुम्ही पायथन शिकताय. सराव कशाचा करू, कसा करू आणि कोणत्या भाषेत करू, असा तुमचा प्रश्न आहे.

मी इथेच सातपूरला सॉफ्टवेअरचे काम करतो आणि नव्याने लागलेल्या मुलामुलींचा कोड तपासणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. तुमची अडचण त्यांच्यातल्या बहुतेकांना असते, आणि ती हुशारीची किंवा मेहनतीची अडचण नसते. कुत्रा भुंकतो आणि मांजर म्याँव करते हे छापणाऱ्या प्रोग्रॅममधून इनहेरिटन्स काढून टाकला तरी प्रोग्रॅम तसाच चालतो. तिथे त्याची गरजच पडलेली नसते. ज्या गोष्टीवाचून कधी अडले नाही, ती कुठे वापरायची हे सुचणार तरी कसे? म्हणून सराव अशा कामावर करा जिथे आधी इनहेरिटन्सवाचून अडेल.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. प्रॅक्टिकल परीक्षा पुढच्या आठवड्यावर आली असेल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि जर्नलमधले प्रोग्रॅम हाताने लिहून काढा, परीक्षेला तेच लागेल. महिना-दीड महिना हाताशी असेल तर पुढे वाचा.

आपल्या जिल्ह्यात राहणाऱ्याला उदाहरणासाठी लांब जायला नको. बाजार समितीतली हिशोबपट्टी घ्या. लासलगावला कांद्याचा भाव क्विंटलवर बोलला जातो. पिंपळगाव बसवंतला टोमॅटो २० किलोच्या क्रेटवर विकला जातो. नाशिकच्या बाजार समितीत कोथिंबीर आणि मेथी जुड्यांवर जाते, भाव शेकड्याचा असतो. माल तीन तऱ्हेचा, मोजमाप तीन तऱ्हेचे, आणि शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी मात्र एकाच नमुन्याची. इनहेरिटन्स शिकायला याहून चांगला मालमसाला मला माहीत नाही. खऱ्या पट्टीत हमाली, तोलाईचे नियम असतात. सरावापुरते ते आपण सोपे करून घेऊ.

पहिल्या दिवशी इनहेरिटन्सचे नावही काढू नका. कांदा, टोमॅटो आणि कोथिंबीर असे तीन सुटे क्लास लिहा. पायथन ३ मध्ये क्लासची आणि मेथडची नावे देवनागरीत चालतात, तेव्हा सराव करताना सरळ मराठीत नावे द्या. नोकरीत मात्र इंग्रजीतच द्यावी लागतील. प्रत्येक क्लासमध्ये शेतकऱ्याचे नाव, तारीख, माल किती आणि भाव काय हे ठेवा. दोन मेथड लिहा: रक्कम आणि पट्टी_छापा. कांदा १,८५० किलो, भाव क्विंटलला २,००० रुपये, तर रक्कम ३७,०००. टोमॅटोचे ६० क्रेट, क्रेटला ४०० रुपये, तर २४,०००. कोथिंबिरीच्या ७०० जुड्या, शेकडा १,५०० रुपये, तर १०,५००. ही उत्तरे कागदावर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक बदलानंतर याच आकड्यांशी ताडून बघायचे आहे.

आता स्वतःलाच एक नवे काम द्या: पट्टीवर गाडीचा नंबरही छापायचा आहे. तीन क्लासमध्ये तीन कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या मेथड) बदलावे लागतील आणि तीन ठिकाणी छपाईची ओळ वाढवावी लागेल. मग तारीख आधी आणि नाव नंतर असा क्रम बदला. पुन्हा तीन ठिकाणी हात घाला. एखाद्या क्लासमध्ये बदल राहून जाईलच, आणि कोथिंबिरीची पट्टी जुन्याच क्रमाने छापली जाईल. हा त्रास मुद्दाम होऊ द्या. शिकवताना मी हाच टप्पा कधी गाळत नाही, कारण यानंतर पॅरेंटमध्ये काय जायला हवे हे मला सांगावे लागत नाही, मुले स्वतःच बोट ठेवून दाखवतात.

आता तिन्ही क्लास शेजारी शेजारी उघडा आणि ज्या ओळी अक्षरशः सारख्या आहेत त्यांच्यावर खूण करा. शेतकरी, तारीख, गाडीचा नंबर आणि पट्टी छापण्याचा साचा, एवढेच निघेल. शेतमाल नावाचा क्लास करा आणि एवढेच त्यात न्या. बाकी जिथे आहे तिथेच राहू द्या.

इथे मोह होतो तो वजनाचा. कांद्याला वजन आहे, टोमॅटोलाही क्रेट गुणिले २० करून वजन काढता येते, मग वजन शेतमालातच ठेवू, असे वाटते. पॅरेंटपासून सुरुवात करणारा तर वजन सगळ्यात आधी लिहून मोकळा होतो. मग कोथिंबीर येते. तिचे वजन कोणी केलेलेच नाही. शून्य लिहिले तर प्रोग्रॅम चालतो, पण गाडीतल्या मालाचे एकूण वजन काढणारी बेरीज गुपचूप चुकते. वजन विचारल्यावर एरर द्या म्हटले, तर सगळ्या मालावर फिरणारा लूप कोथिंबिरीपाशी मध्येच कोलमडतो.

कोथिंबीर हा शेतमाल आहे की नाही? आहेच, त्यात वाद नाही. तरीही तिच्यासाठी तो क्लास मोडला. पुस्तकात शिकवलेली ‘अमुक हे तमुक आहे का’ ही कसोटी म्हणूनच अपुरी पडते. पॅरेंट क्लास वापरणाऱ्याला जे काही देण्याचे कबूल करतो, ते प्रत्येक चाइल्डला खरोखर देता आले पाहिजे. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये एका परिषदेतल्या भाषणात हा विचार मांडला आणि १९९४ मध्ये जॅनेट विंग यांच्यासोबत तो नेमका करून लिहिला. व्हायवात लिस्कोव्ह सबस्टिट्यूशन प्रिन्सिपल विचारले तर ही कोथिंबीर आठवा, व्याख्या आपोआप सुचेल.

आता या सगळ्या सरावातली सगळ्यात मोलाची जागा. इथे घाई करू नका. पट्टी_छापा ही मेथड आता शेतमाल या पॅरेंटमध्ये आहे. ती नाव छापते, तारीख छापते, गाडी छापते, आणि मग स्वतःच्या रक्कम या मेथडला हाक मारते. पण शेतमालाला रक्कम काढताच येत नाही! क्विंटल, क्रेट आणि शेकडा यांपैकी कशाने मोजायचे हे त्याला माहीत नाही. तरीही कोथिंबिरीच्या ऑब्जेक्टवर पट्टी_छापा म्हटले की १०,५०० बरोबर छापले जातात.

हे कसे घडते ते कागदावर बोट फिरवून पाहा. कोथिंबिरीच्या ऑब्जेक्टवर पट्टी_छापा बोलावली. पायथनने आधी कोथिंबीर क्लासमध्ये पाहिले, तिथे ती नाही, म्हणून वर शेतमालात गेला, तिथे सापडली, चालवायला सुरुवात केली. तिच्यात सेल्फ म्हणजे अजूनही तोच कोथिंबिरीचा ऑब्जेक्ट आहे. सेल्फची रक्कम विचारताच शोध पुन्हा सगळ्यात खालून, कोथिंबीर क्लासपासून सुरू झाला. तिथे रक्कम सापडली, ती चालली, आकडा घेऊन पायथन वरच्या मेथडमध्ये परतला आणि उरलेली छपाई केली. कोड वरच्या क्लासमधला असला तरी दर वेळी शोध खालून सुरू होतो. हे एकदा नीट बसले की ओव्हरराइड (पॅरेंटची मेथड चाइल्डने बदलणे), पॉलिमॉर्फिझम (एकाच हाकेला प्रत्येक क्लासने आपल्या परीने उत्तर देणे), ॲबस्ट्रॅक्ट मेथड (पॅरेंटमध्ये नुसते नाव, काम चाइल्डने लिहायचे) हे सगळे एकाच गोष्टीचे भाग आहेत हे दिसू लागते. म्हणजे आधी लिहिलेला पॅरेंटचा कोड नंतर लिहिलेल्या चाइल्डच्या कोडला बोलावू शकतो. इनहेरिटन्सची खरी ताकद यात आहे. चार ओळी कमी लिहाव्या लागतात, हा त्यातला छोटा फायदा.

पॅरेंटमध्येही रक्कम हे मेथडचे नाव तरी हवे, पण ती रिकामी सोडू नका. पायथनच्या एबीसी मॉड्यूलने तिला ॲबस्ट्रॅक्ट करा, म्हणजे रक्कम लिहायला विसरलेल्या चाइल्डचा ऑब्जेक्ट बनणारच नाही. सी प्लस प्लसमध्ये यासाठीच प्युअर व्हर्च्युअल फंक्शन असते.

झालेले काम पारखायचे असेल तर तिन्ही ऑब्जेक्ट एका लिस्टमध्ये घाला आणि एकच लूप लावून रकमेची बेरीज करा. ७१,५०० यायला हवेत. त्या लूपमध्ये ‘हा कांदा आहे का, हा टोमॅटो आहे का’ असे विचारणारी एकही इफची ओळ असता कामा नये. मग दुसऱ्या दिवशी द्राक्षे आणा, किलोच्या भावाने. आधीच्या कोडमधली एकही ओळ न बदलता द्राक्षांचा क्लास जोडता आला आणि त्यांची पट्टी निघाली, तर जमले. जुन्या क्लासमध्ये हात घालावा लागला, तर पॅरेंटमध्ये काहीतरी जास्त गेले आहे किंवा कमी पडले आहे. ते काय आहे ते शोधणे हाच त्या दिवसाचा अभ्यास.

आता चाइल्डमध्ये पॅरेंटची मेथड पूर्ण बदलणे आणि तिच्यात भर घालणे यातला फरक हाताखालून जाऊ द्या. शेतमालात कपात नावाची मेथड ठेवा, सरसकट १० रुपये. कांद्याला त्यावर क्विंटलमागे ४ रुपये तोलाई धरा (हे दर सरावापुरतेच आहेत). कांद्यातली कपात आधी सुपरकडून पॅरेंटची कपात घेईल आणि तोलाई मिळवेल: १० अधिक ७४, म्हणजे ८४. सुपर न वापरता चाइल्डमध्ये १० हा आकडा पुन्हा लिहिलात तर आजचे उत्तर तेच येईल. पॅरेंटमधले १० उद्या १५ करा. कांदा जुन्याच दराने कापेल.

सुरुवातीला बहुतेक जण ज्यावर अडतात ती चूक मुद्दाम करून बघाच. कांद्याला स्वतःचा कन्स्ट्रक्टर द्या आणि त्यात सुपरचा कन्स्ट्रक्टर बोलवू नका. पायथन तो आपणहून बोलावत नाही. ऑब्जेक्ट विनातक्रार तयार होईल, रक्कमही बरोबर येईल. पट्टी छापायला गेलात की मग ॲट्रिब्यूट एरर येईल: कांद्याला शेतकरी नाहीच. एरर दाखवेल शेतमालातली ओळ, दोष असेल कांद्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये. नवीन मुलगा तासभर शेतमालाच्या म्हणजे पॅरेंटच्याच ओळी तपासत बसतो. एरर जिथे आली तिथून मागे जात ‘हे नाव ऑब्जेक्टला कोणी द्यायचे होते’ असे विचारायची सवय लावून घ्या.

दुसरी चूक याहून शांत असते. पॅरेंटमध्ये कपात आणि चाइल्डमध्ये चुकून कापत लिहिले, तर पायथन काहीच बोलत नाही, पॅरेंटची मेथड चालवून मोकळा होतो. जावात २००४ पासून ओव्हरराइडची खूण मेथडवर लिहिता येते आणि सी प्लस प्लसमध्ये २०११ पासून. नाव जुळले नाही तर कंपायलर तिथेच अडवतो. पायथनच्या ३.१२ आवृत्तीत अशी खूण आली, पण ती टाइप तपासणाऱ्या साधनालाच कळते, प्रोग्रॅम चालताना तिचा उपयोग नाही. पायथनमध्ये सराव करताना म्हणूनच कागदावरच्या उत्तरांशी ताडून पाहणे सोडू नका.

सरावाची पद्धत विचारली आहे तर सांगतो: चालवण्याआधी उत्तर लिहा. प्रत्येक कन्स्ट्रक्टरमध्ये आणि मेथडमध्ये आपण कुठे आहोत ते सांगणारी एक प्रिंटची ओळ घाला, कोणत्या क्रमाने काय छापले जाईल ते आधी वहीत लिहा, मग रन करा. जुळले नाही तर का नाही हे कळेपर्यंत पुढे जाऊ नका. नवे दहा प्रोग्रॅम टाइप करण्यापेक्षा एकाच प्रोग्रॅमचे उत्तर असे दहा तऱ्हांनी बदलून ओळखणे मला जास्त फायद्याचे वाटते.

इनहेरिटन्स कुठे वापरायचा नाही, याचाही सराव याच उदाहरणावर होतो. लाल कांदा आणि उन्हाळ कांदा असे दोन चाइल्ड करावेत का? माझ्या मते नाही. दोघांची रक्कम एकाच रीतीने निघते, फरक फक्त नावाचा आणि भावाचा आहे, तेव्हा कांद्यात प्रकार नावाचे एक फील्ड पुरे. उद्या चाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याची घट मोजायची वेळ आली, म्हणजे वागणूकच वेगळी झाली, तेव्हा विचार करू. माहिती वेगळी असेल तर फील्ड, वागणूक वेगळी असेल तरच क्लास. तसेच शेतकऱ्याचा फोन नंबर पट्टीवर हवा म्हणून शेतमालाला शेतकरी क्लासचे चाइल्ड करू नका. शेतमालाकडे शेतकऱ्याचा एक ऑब्जेक्ट असू द्या. याला कंपोझिशन म्हणतात, आणि रोजच्या कामात आम्ही इनहेरिटन्सपेक्षा हेच जास्त वापरतो.

ही चूक मोठमोठ्यांकडूनही झालेली आहे. जावात स्टॅक हा क्लास व्हेक्टरचा (वस्तूंची यादी ठेवणाऱ्या क्लासचा) चाइल्ड आहे. स्टॅकमध्ये फक्त वरूनच ठेवायचे आणि वरूनच काढायचे, पण व्हेक्टरकडून आलेल्या मेथड वापरून स्टॅकच्या मध्येही वस्तू घुसवता येते. स्टॅकला व्हेक्टरची लिस्ट आतमध्ये ठेवता आली असती, तिचे चाइल्ड होण्याची गरज नव्हती. जावाची अधिकृत माहिती आता स्टॅकऐवजी डेक (दोन्ही टोकांनी ठेवता-काढता येणारी रांग) वापरा असे सांगते.

लिहिण्याच्या जोडीने वाचायलाही हवे, आणि वाचायला चांगला इनहेरिटन्स तुमच्या पायथनमध्येच भरलेला आहे. डिक्शनरीत नसलेली ‘की’ (किल्ली) मागितली तर कीएरर येते, लिस्टमध्ये नसलेला क्रमांक मागितला की इंडेक्सएरर येते. दोन्ही लुकअपएररचे चाइल्ड आहेत. एक्सेप्टमध्ये लुकअपएरर लिहून पाहा, दोन्ही पकडल्या जातात. मग स्वतःची एरर बनवा: एक्सेप्शनचे चाइल्ड म्हणून नोंदचूक नावाचा क्लास, आणि भाव किंवा वजन उणे आले की ती फेकायची. नव्या माणसाला ज्याची खरोखर गरज पडते असा हा पहिला इनहेरिटन्स, आणि तो दोन ओळींचा असतो.

आता भाषेचे. पॅरेंट काय असावा हा विचार पायथनमध्ये शिका, कारण तिथे क्लास मोडून पुन्हा बांधायला वेळ लागत नाही. तो प्रोग्रॅम नीट चालला की तोच सी प्लस प्लसमध्ये लिहा. तिथे तीन गोष्टी वेगळ्या वागतील. पॅरेंटमधल्या रकमेवर आणि कपातीवर व्हर्च्युअल लिहिले नाही तर पॅरेंटच्या पॉइंटरमधून (ऑब्जेक्टचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलमधून) पॅरेंटचीच मेथड चालेल. पायथनमध्ये हे लिहावे लागत नाही म्हणून विसरते. शेतमाल ॲबस्ट्रॅक्ट नसेल आणि व्हेक्टरमध्ये थेट शेतमालाचे ऑब्जेक्ट ठेवलेत, तर कांद्याचा कांदेपणा कापला जाऊन फक्त शेतमालाचा भाग उरेल, याला स्लायसिंग म्हणतात. म्हणून पॉइंटर ठेवा. आणि पॅरेंटच्या पॉइंटरमधून डिलीट करणार असाल तर पॅरेंटचा डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारी मेथड) व्हर्च्युअल हवाच. कन्स्ट्रक्टर आधी पॅरेंटचा चालतो, मग चाइल्डचा, आणि डिस्ट्रक्टर उलट क्रमाने, हे व्हायवात हमखास विचारतात. प्रिंटच्या ओळी घालून एकदा डोळ्यांनी पाहा. मल्टिपल इनहेरिटन्स (एका चाइल्डला दोन पॅरेंट) आणि डायमंडचा प्रश्न (त्या दोघांचा पॅरेंट एकच असणे) सध्या परीक्षेपुरता करा.

करताना अडलात तर इथे लिहा, पण पॅरेंट क्लास, चाइल्ड क्लास आणि पूर्ण एरर असे तिन्ही टाका. नुसती एररची शेवटची ओळ टाकलीत तर दोष कोणत्या क्लासमध्ये आहे हे मलाही सांगता येणार नाही.